जाति की उपाधि? अमिनो आम्लांच्या वर्गवारीचा इतिहास आणि कमलाबाई सोहोनी

(इंदिरानगर, नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला अमिनो आम्लांशी काय देणंघेणं? शंका रास्त आहे. पण आम्ही तत्त्वज्ञानवाले आयुष्यभर एकच उद्योग करत आलो आहोत. कुणी वस्तूंची वर्गवारी केली, की आम्ही विचारतो: ही वर्गवारी वस्तूंमध्ये आहे, की ती करणाऱ्याच्या गरजेत? अमिनो आम्लांच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार येतो. त्याचं उत्तर चुकलं तर गरिबाच्या ताटात काय वाढायचं याचे निर्णयही चुकतात. म्हणून आजचा हा खटाटोप.

सुरुवातीला न्यायदर्शनातले दोन शब्द हाताशी घेऊ: जाति आणि उपाधि. इथे जाति म्हणजे समाजातली जात नव्हे. गाईचं गोत्व ही जाति. कुणी बघो न बघो, कामाला जुंपो न जुंपो, गाय गायच असते. पाचकत्व, म्हणजे स्वयंपाकी असणं, ही मात्र उपाधि. माणूस चुलीपुढे उभा राहून रांधतो म्हणून त्याला स्वयंपाकी म्हणायचं. ते नाव त्याला कामामुळे चिकटलं. उपाधि खोटी नसते बरं का, पण ती कशाच्या तरी संदर्भात खरी असते. संदर्भ विसरून तिलाच जाति मानलं, की घोटाळा सुरू होतो.

आता अमिनो आम्ल म्हणजे काय ते पाहू. मधोमध कार्बनचा एक अणू आहे अशी कल्पना करा. त्याला चार हात. एका हातात नायट्रोजन असलेला अमिनो गट, दुसऱ्या हातात आम्लधर्मी कार्बॉक्सिल गट, तिसऱ्या हातात हायड्रोजनचा एक अणू. हे तीन हात जवळपास सगळ्यांचे सारखेच. फरक चौथ्या हातात. तिथे जे लटकतं त्याला पार्श्वशृंखला म्हणतात. ग्लायसिन सगळ्यांत साधं, त्याच्या चौथ्या हातातही नुसता हायड्रोजनच. ट्रिप्टोफॅनच्या हातात दोन कड्यांची भलीमोठी रचना. प्रोलिन जरा आडमुठं. त्याची पार्श्वशृंखला वळून स्वतःच्याच अमिनो गटाला जाऊन चिकटते, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ते जिथे येतं तिथे साखळीला बाक येतो. आपल्या पेशी प्रथिनं बांधताना जनुकांच्या सांगण्यावरून अशी वीस प्रकारची अमिनो आम्लं वापरतात.

हे वीस जण एका दिवसात सापडलेले नाहीत. 1806 साली फ्रान्समध्ये व्होकलँ आणि रोबिके या दोघांना शतावरीच्या जातीच्या एका भाजीच्या रसात पहिलं सापडलं, ते अ‍ॅस्पॅराजिन. 1820 मध्ये ब्राकोनो यांनी जिलेटिन आम्लात उकळून ग्लायसिन मिळवलं. ते चवीला गोड लागलं म्हणून आधी साखरेतच गणलं गेलं. विसांतलं शेवटचं, थ्रिओनिन, अमेरिकेत विल्यम रोझ यांच्या प्रयोगशाळेत 1935 साली हाती लागलं. म्हणजे हजेरीपट पूर्ण व्हायला एकशे एकोणतीस वर्षं लागली.

मधल्या काळात, 1838 साली, मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने प्रोटीन हा शब्द छापला. तो सुचवला होता बर्झेलियस यांनी, ग्रीक भाषेतून. अर्थ, पहिल्या मानाचं. आपल्या प्रथिन या शब्दातही प्रथम ऐकू येतो. शब्द झकास जमलाय, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पदार्थाची रचना कळण्याच्या आधीच त्याच्या नावात मानपान शिरला होता.

रचना कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1902 मध्ये एमिल फिशर आणि फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी स्वतंत्रपणे मांडलं, की एका अमिनो आम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाचा हात धरतो, त्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि साखळी तयार होते. हाच पेप्टाइड बंध. पण साखळीतला क्रम ठरलेला असतो की कसाही चालतो? याचा निकाल केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी लावला. इन्सुलिनमधली एकावन्नच्या एकावन्न अमिनो आम्लं कोणत्या क्रमाने बसली आहेत, हे 1955 पर्यंत त्यांनी पुरं सांगितलं. 1958 साली त्यांना नोबेल मिळालं.

क्रम का महत्त्वाचा? कमल आणि कलम हे दोन शब्द घ्या. अक्षरं तीच, जागा बदलल्या, अर्थ बदलला. प्रथिनांचं तसंच आहे.

या विसांची पहिली वर्गवारी पार्श्वशृंखलेवरून होते. प्रश्न साधा: या चौथ्या हाताला पाणी आवडतं का? ल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअ‍ॅलानिन ही तेलासारखी, जलद्वेषी. सेरिन, थ्रिओनिन, अ‍ॅस्पॅराजिन यांना पाणी चालतं. अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांवर ऋण विद्युतभार असतो. लायसिन आणि आर्जिनिन यांच्यावर धन. हिस्टिडिन काठावर बसलेलं, परिस्थिती पाहून भार घेतं किंवा सोडतं. पेशीत सगळीकडे पाणी. त्यामुळे साखळी तयार झाली की जलद्वेषी मंडळी आत दडतात, जलस्नेही बाहेर राहतात आणि साखळीची घडी पडते. त्या घडीवर प्रथिनाचं काम ठरतं. केसांतल्या केराटिनला बळकटी येते ती सिस्टिनच्या दोन गंधकांनी एकमेकांना धरल्यामुळे. हाडं-कातडीतल्या कोलॅजेनमध्ये तीन दोर एकमेकांना पीळ घालतात. तो पीळ घट्ट बसावा म्हणून दर तिसऱ्या जागी सगळ्यांत लहान ग्लायसिनच लागतं. हिमोग्लोबिनमध्ये लोहाला धरून ठेवतं ते हिस्टिडिन.

ही वर्गवारी जातीच्या जवळ जाणारी. आपण असू नसू, व्हॅलिनला पाणी नकोच असणार. आणि ती किती खरी आहे, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. नाशिकच्या उत्तरेला नंदुरबार. तिथल्या भिल्ल, पावरा समाजात, तसंच विदर्भात बऱ्याच ठिकाणी, सिकलसेलचा आजार आढळतो. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला 1952 साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की या रोगात हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस्स, एवढंच! पाणी आवडणाऱ्याच्या जागी पाणी न आवडणारा आला. मग प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या होतात, लाल पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. पोराचे सांधे असह्य दुखतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, त्यात लग्नाआधी तपासणी आणि समुपदेशन यांवर भर आहे तो यासाठी.

आता दुसरी वर्गवारी. आपल्या कानावर जास्त पडते ती हीच: अत्यावश्यक आणि अनावश्यक अमिनो आम्लं. हिची कूळकथा उंदरांपासून सुरू होते. 1901 साली फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी सहकाऱ्यासह ट्रिप्टोफॅन वेगळं काढलं. 1906 मध्ये त्यांनी उंदरांना मक्यातल्या झेइन या प्रथिनावर ठेवलं. झेइनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं. उंदीर टिकेनात. ट्रिप्टोफॅन घातलं तर जास्त दिवस जगले. ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी अमेरिकेत हे काम पुढे नेलं आणि दाखवलं, की वाढीसाठी लायसिनही लागतंच. मग रोझ यांनी विद्यार्थ्यांनाच मोजूनमापून बनवलेल्या आहारावर ठेवून माणसाची यादी केली. प्रौढांसाठी आठ निघाली, पुढे हिस्टिडिन धरून नऊ झाली.

अत्यावश्यक याचा खरा अर्थ काय? शरीराला स्वतः बनवता येत नाही, अन्नातून आलंच पाहिजे, इतकाच. कोलॅजेनमध्ये दर तिसऱ्या जागी बसणारं ग्लायसिन या हिशेबाने अनावश्यक ठरतं, कारण ते आपण घरीच बनवतो! घरच्या विहिरीला पाणी आहे म्हणून पाणी अनावश्यक, असं कुणी म्हणेल का? आणि ही यादी कुणाची, हेही विचारायला हवं. बाळाची गरज वेगळी, मोठ्याची वेगळी. मांजराला आर्जिनिन अन्नातूनच लागतं, आपल्याला एरवी तितकं नाही. गाईच्या पोटातले सूक्ष्मजंतू तर तिच्यासाठी सगळीच बनवून देतात. म्हणजे मघाशी गोत्वाला जातीचा मान दिला, त्याच गाईपुढे ही यादी लंगडी पडते. मंडळी, ही उपाधि आहे. शरीर सांगा, मग यादी सांगतो.

पण झालं काय? उपाधीची जाति झाली. अंडं, दूध, मांस यांत नऊच्या नऊ योग्य प्रमाणात, म्हणून ती पहिल्या दर्जाची प्रथिनं. धान्यं, डाळी दुसऱ्या दर्जाच्या. अंड्याला पूर्ण गुण द्यायचे आणि बाकीच्यांनी त्याच्याशी तुलना करून घ्यायची. इथे आपल्या कमलाबाईंचं काम समजून घ्यायला हवं.

कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी. जन्म 1911, इंदूरचा. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेला माणूस. त्यांनी नकार दिला, कारण अर्जदार मुलगी होती. या मुलीने गांधीजींचा मार्ग धरला, रामन यांच्या दारात ठिय्या दिला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करायचं, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. त्यांनी अटी मान्य केल्या. तो अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्याबद्दल स्पष्ट बोलल्या. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

रामन थोर होतेच, त्यात वाद नाही. पण तर्काच्या दृष्टीने पाहा. तोवर मुली तिथे संशोधन करत नव्हत्या, ही त्या काळाची आणि त्या संस्थेची परिस्थिती होती. तिला त्यांनी मुलींचा स्वभावधर्म मानलं. उपाधीला जाति समजण्याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्ही वर्गात कधी देऊ शकलो नसतो.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तिथे दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. या देशातले बहुसंख्य लोक ज्यावर जगतात त्या पदार्थांवर. 1936 मध्ये एम.एस्सी. झाली. मग केंब्रिज, आणि तेही हॉपकिन्स यांच्या विभागात, म्हणजे ज्यांनी ट्रिप्टोफॅन शोधलं त्यांच्याच. बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं, की प्राण्यांच्या पेशीत श्वसनाचं काम करणारं सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींतही असतं. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएच.डी. झालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

भारतात परतल्यावर दिल्ली, कुन्नूर, आणि 1947 नंतर मुंबईची विज्ञान संस्था. पुढे त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी केलेलं काम अनेकांना माहीत आहे, त्यासाठी राष्ट्रपतींचा पुरस्कारही मिळाला. आपल्याला मात्र त्यांचे वाल जास्त महत्त्वाचे वाटतात. होय, वाल! कडवे वाल.

आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनाची साखळी कापतं. ते कुठेही कात्री चालवत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन दिसलं, म्हणजे धनभाराचा हात दिसला, की त्याच्या पुढे कापतं. कडधान्यांमध्ये असं एक प्रथिन असतं, की जे या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतं. ट्रिप्सिनरोधक. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतली अशी रोधकं पद्धतशीर शोधली. 1955 साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यासह वाल आणि डबल बी यांतली रोधकं स्फटिकरूपात वेगळी केल्याचं प्रसिद्ध केलं.

याचा अर्थ नीट घ्या. डाळीत प्रथिन किती, हा एक प्रश्न. त्यात कोणती अमिनो आम्लं, हा दुसरा. त्यातलं पोटात सुटं किती होतं, हा तिसरा. आणि तिसऱ्याचं उत्तर बरंचसं स्वयंपाकघरात ठरतं, कारण शिजवलं की या रोधकाची घडी उसकटते आणि त्याचा जोर बहुतांशी जातो. वाल रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग डाळिंब्या नीट शिजवायच्या, हा आपल्या घरातला खटाटोप उगाच नाही. तेव्हा कच्च्या वालाला कमी गुण आणि शिजलेल्याला जास्त. पदार्थ तोच. मग दुसरा दर्जा वालाचा की शिजवण्याचा? आमच्या न्यायशास्त्रात उपाधीचं उदाहरण म्हणून पाचकत्वच का घेतलं असेल, याचं आम्हाला इथे हसू येतं.

आणखी एक. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन कमी. डाळींत लायसिन भरपूर, पण गंधक असलेलं मेथिओनिन कमी, आणि ते धान्यात बऱ्यापैकी. वरण-भात, भाकरी आणि पिठलं, खिचडी: एकाची उणीव दुसरा भरून काढतो. दर्जा लावायचाच असेल तर ताटाला लावा, सुट्या पदार्थाला लावून काय उपयोग? आपण जेवतो ताट.

हीच गोष्ट जगाच्या पातळीवर मांडली दुसऱ्या एका मराठी माणसाने. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911 चाच, सातारा जिल्ह्यातल्या बुधचा. संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे बरीच वर्षं प्रमुख. साठच्या दशकात जगभर ओरड होती, की गरीब देशांत प्रथिनांचं संकट येतंय. 1968 साली संयुक्त राष्ट्रांनी तसा अहवालच काढला. उपाय कोणते? माशांचं पीठ, कारखान्यात वाढवलेल्या सूक्ष्मजीवांची प्रथिनं, धान्यात मिसळायचं लायसिन. सुखात्म्यांनी भारतातल्या आहारांचे आकडे तपासले आणि 1970 मध्ये मांडलं, की ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडतं. पोट अर्धं रिकामं असेल तर शरीर आलेलं प्रथिन सरपणासारखं जाळून टाकतं. मग बांधकामाला काय उरणार? आपलं नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं, तर मोठ्या माणसाला प्रथिनंही बहुधा पुरतात. हैदराबादच्या गोपालन यांचंही मत याच दिशेचं होतं. 1974 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मॅक्लारेन यांनी त्या सगळ्या प्रथिन-गडबडीवर सडकून टीका केली, आणि प्रथिन संकटाची भाषा मागे पडली.

सुखात्म्यांचं सगळंच सर्वांनी मानलं असं नाही. माणसाला उष्मांक किती लागतात यावर पुण्याच्याच वि. म. दांडेकरांशी त्यांचा वाद गाजला. लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. आणि ज्या घरात डाळ महाग झाल्यामुळे ताटातून गेली, नुसती भाकरी-चटणी उरली, तिथे पोट भरलं तरी लायसिन तोकडंच पडणार. म्हणून डाळीचा भाव हा आमच्या लेखी जीवरसायनशास्त्राचाही विषय आहे. रेशनवर धान्य देताना त्याबरोबर डाळ द्यायची की नाही, हा प्रश्न पार्श्वशृंखलेपर्यंत जाऊन पोचतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. इथल्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरायला गेलं, की प्रथिनांच्या गप्पा कानावर पडतातच. नातू डबा घेऊन येतो, आजोबांनाही एक चमचा. त्या डब्यावर अत्यावश्यक अमिनो आम्लांची यादी असते, आणि ती वाचून वाटतं, आपल्या जेवणात हे नाहीच. आहे, मंडळी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनाला दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनाची आहे. साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. डाळ, दूध-दही, धान्य नीट घेतलं तर हे ताटातून जमतं. वय झाल्यावर थोडं जास्त लागतं असं काही तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच वाढवू नये. जास्तीची अमिनो आम्लं शरीर साठवून ठेवत नाही. त्यांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. डबा घ्यायला आमची हरकत नाही, पण तो वरणापेक्षा वरच्या दर्जाचा आहे म्हणून घेऊ नका.

कमलाबाई 1998 साली गेल्या. त्यांनी पुढे ग्राहक चळवळीतही काम केलं, अन्नातली भेसळ लोकांना ओळखता यावी म्हणून. दोन्ही कामांमागे प्रश्न एकच होता असं आम्हाला वाटतं: नाव काय लावलंय ते राहू द्या, आत काय आहे आणि ते शरीराला कितपत मिळतं ते सांगा. पुढच्या वेळी कुणी एखाद्या पदार्थाला किंवा माणसाला पहिला-दुसरा दर्जा लावला, तर आपणही विचारू या, कोणत्या शरीरासाठी, कोणत्या ताटात, शिजवून की कच्चं?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.